निवांत चालण्याबद्दल एक तक्रार

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. निमित्त हवं होतं, ते मिळालं. मार्चच्या सुरुवातीला मी आणि ताई एका 'निवांत पदभ्रमण आणि संस्कृती' सहलीला जाऊन आलो. पाच दिवस, चौदा माणसं, एक गाईड, एक मदतनीस. मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास. (हे दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. आमच्या घरच्यांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांना आहे.) रोज सहा-सात किलोमीटर चालायचं, बॅगा गाडीतून पुढे, आणि लांबचा टप्पा आला की आपणही गाडीत.

आधी चांगलं सांगते, नाहीतर ताई म्हणेल की हिला कुठे न्यायची सोय नाही. चालणं फार छान झालं. ओहोटीच्या वेळी कडक ओल्या वाळूवरून अनवाणी चाललं की गुडघे वर्षभराच्या तक्रारी विसरतात. सोबतची माणसं समंजस होती, कुणी मोबाईलवर गाणी लावली नाहीत. सोलकढी रोज ताजी होती. आमचा गाईड पंचविशीतला, पुण्याचा, मनापासून तयारी करून आलेला मुलगा. त्याच्यावर माझा राग नाही. कार्यक्रम ज्यांनी आखला त्यांच्यावर आहे, आणि तो तसाच आवडणाऱ्या आपल्यासारख्यांवर त्याहून जास्त.

मुद्दा असा. गाडीनं जाणारा माणूस मुरूडला अर्ध्या तासात उरकतो. आपण चालत जातो, थांबतो, दुप्पट पैसे देतो, ते कशासाठी? गाडीतल्या माणसाच्या कानावर न पडणारं काहीतरी आपल्या कानावर पडावं म्हणूनच ना? मग तेच गाळून टाकायचं असेल तर इतकं हळू चालायचं कशाला!

पहिल्या दिवशी महर्षी कर्व्यांच्या स्मारकापाशी थांबलो. गाईडनं सांगितलं: मुरूडचे सुपुत्र, स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न. फोटो. चला, पुढे दुर्गादेवीचं देऊळ.

आता यात खोटं एक अक्षर नाही. पण ज्या गावात उभं राहून हे सांगत होतो, त्या गावानं कर्व्यांचं काय केलं? १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, पुनर्विवाह केला, तेव्हा याच मुरूडनं बहिष्काराचा ठराव केला. कर्वे घरी आले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं. याच माणसानं त्याआधी गावाच्या भल्यासाठी 'मुरूड फंड' उभा केला होता! हे काही कुजबुजीतून आलेलं नाही. कर्व्यांनी स्वतः 'आत्मवृत्त'मध्ये लिहून ठेवलंय, आणि कुणालाही शिव्या न देता लिहिलंय.

आणि पदभ्रमणाचंच म्हणाल तर, मुरूडमधून निघालेली सगळ्यात मोठी पायपीट याच माणसाची. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून थेट साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे परीक्षकांनी 'वय लहान दिसतं' म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. चालण्याच्या सहलीत, त्या गावात, ही गोष्ट सांगायची नाही तर कुठली सांगायची? मी गाईडला हळूच विचारलं. तो म्हणाला, "काकू, बहिष्काराचं मला माहितीये. पण लोक सुट्टीवर येतात. निगेटिव्ह नको, असं ऑफिसमधून सांगितलंय."

निगेटिव्ह!

आता घरच्यांसाठी दोन ओळी. आमचं मूळ घर मुरूडचं. पणजोबा १८९३ साली वीस-बावीस वर्षांचे, गावातच. त्या सभेला ते होते का, हे मला ठाऊक नाही. पण गाव बसलं आणि आमचंच घर तेवढं दार लावून आत बसलं असेल, असं मला वाटत नाही. लहानपणापासून 'आम्ही कर्व्यांच्या गावचे' हे वाक्य मी किती अभिमानानं फेकत आले! स्मारकापाशी उभं राहून पहिल्यांदाच ते घशात अडकलं. तो गाईड बोलला असता तर निदान मला एकटीला अडकवत बसावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हर्णै. संध्याकाळी तिथे किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. होड्या आत थांबतात, टोपल्या किनाऱ्यावर येतात आणि वाळूतच ढीग घालून बोली सुरू होते. कोकणातलं याहून जिवंत दृश्य मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या कार्यक्रमात त्याला दहा मिनिटं होती, तीही वरच्या रस्त्यावरून. कारण वास. सुवर्णदुर्गावर सूर्य कसा मावळतो याला मात्र पाऊण तास. ताई आणि मी खाली उतरलो. मी मोबाईल काढल्यावर कोळंबी निवडत बसलेली एक बाई मान वर न करता म्हणाली, "फोटो काढतेस तर भाव पण विचार की." विचारला. मग तिनं भावाबरोबर डिझेलचं, बर्फाचं आणि मोठ्या बोटींनी ओरबाडून नेलेल्या दर्याचंही ऐकवलं. वीस मिनिटं ती बोलली, पैकी निदान पाच मिनिटं आमच्यावरच चिडून. पाच दिवसांत माझ्याशी इतकं मोकळं दुसरं कुणी बोललं नाही. वर परत आलो तर ग्रुप आमच्यासाठी खोळंबलेला, आणि ज्यांनी वासाला नाक मुरडलं होतं त्यांनीच रात्री सुरमई दोनदा मागून घेतली. असो.

तिसऱ्या रात्री 'लोकसंस्कृतीची संध्याकाळ'. म्हणजे जाखडी. जाखडी गणपतीतली. भाद्रपदात मुंबईहून चाकरमानी येतात, घुंगरू बांधतात आणि घरोघरी नाचतात. आम्ही ती फाल्गुनात, रिसॉर्टच्या अंगणात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून पाहिली. शिमगा तोंडावर आलेला, पालखी कुणाच्या दारात आधी जाणार याच्या बैठका आजूबाजूच्या गावांत चाललेल्या, आणि आम्हाला दाखवतायत गणपती! बरं, तेही सोडा. जाखडीचा खरा जीव शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जबाबात. एक बाजू कोडं घालणार, दुसरी ते फोडणार, मध्येच टोमणे मारणार, आणि हे रात्र-रात्र चालणार. आम्हाला पंचवीस मिनिटं मिळाली आणि त्यात सवालच नव्हते. नुसता नाच. मी ढोलकीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "भांडण नको म्हणाले मॅनेजर. पाव्हण्यांना समजत नाय."

समजत नाही हे खरंच. पण समजून घ्यायला तर आलो होतो ना? समजत नाही म्हणून गाळायचं आणि गाळलेलं म्हणून कधी समजायचं नाही, असं ते चक्र आहे.

याच धर्तीवर एक 'खोतांचा वाडा' दाखवला. कोरीव खांब, माजघर, झोपाळा. खोत म्हणजे कोण, तर गाईडच्या भाषेत 'गावचे प्रमुख'. कुळांकडून वसुली, वेठ, आणि ही पद्धत मोडण्यासाठी १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलेलं विधेयक, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, यातलं काहीही नाही. आदल्या रात्री आमच्यासमोर नाचलेल्यांचे आजे-पणजे बहुतेक अशाच एखाद्या वाड्याच्या मागच्या दाराशी उभे राहिले असतील. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे वेळासच्याच मंडणगड तालुक्यात आहे, हेही सहलीत कुणी उच्चारलं नाही.

"अगं, सुट्टीला जातात लोक, इतिहासाच्या पेपरला नाही," असं माझी मैत्रीण म्हणते. मान्य. मलाही रोज बहिष्कार आणि वेठ नको आहे. पण शेवटच्या दिवशी वेळासला जे पाहिलं त्यानं हा बचाव माझ्यापुरता तरी निकालात काढला. तिथे २००२ पासून कासवांच्या घरट्यांचं संरक्षण चालू आहे. आम्ही गावातल्याच एका घरी उतरलो होतो. जेवताना घरच्या काकांनी सहज सांगितलं, "पूर्वी अंडी आम्हीच काढायचो हो. खायचो, विकायचो." मग हे कसं थांबलं, सुरुवातीला कुणाला कसं पटेना, आणि निसर्ग वादळात (३ जून २०२०) सुपारीची बाग कशी आडवी झाली तेही. सुपारी पुन्हा धरायला वर्षं लागतात, तोवर पाहुण्यांच्या जेवणावर घर चालतं, हेही त्यांनी लपवलं नाही. कुणाची सुट्टी बिघडली? कुणाचीही नाही. उलट चौदाच्या चौदा जण ताटं वाळेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पिल्लं समुद्राकडे निघाली तेव्हा आम्ही ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्या कबुलीतून आलेली होती.

म्हणजे लोकांना ऐकवत नाही, हे खोटं. सांगणाऱ्यांना ऑफिसमधून परवानगी नाही, हे खरं.

परत आल्यावर अभिप्रायाचा फॉर्म आला. 'स्थानिक संस्कृतीचा अनुभव' याला पाचपैकी किती तारे? खाली लिहायला जागा एका ओळीची. मी त्या ओळीत 'कर्वे, १८९३' एवढंच लिहून पाठवलं. उत्तर आलं: धन्यवाद, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट.

सूट नको. पुढच्या वर्षी मी आणि ताई दोघीच मुरूडला जातोय, शिमग्यात. आणि एक काम नातेवाईकांकडे: पणजोबांची वही, पत्रं, जुने कागद नाशिकच्या काकांकडच्या ट्रंकेत आहेत असं आई म्हणायची. काकू, ट्रंक अजून असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. मी मे महिन्यात येतेय.