आराखड्याचा नको, विजेचा हिशेब हवा

सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. त्यावरची चर्चा सीमा, महसूल आणि निवडणुकांचे गणित यांभोवतीच फिरत राहिली. शहराच्या विजेचे भवितव्य मात्र या महापालिकांत बांधकाम आराखडे मंजूर करणाऱ्या टेबलांवर ठरणार आहे, याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरचे हे शहर केंद्राच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत समशीतोष्ण गटात मोडते. वर्षातील बरेच महिने येथे उघडी खिडकी आणि पंखा पुरतो. तरीही माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीबरोबर उभ्या राहिल्या त्या काचेने बंदिस्त केलेल्या इमारती. काचेतून ऊन आत येते, ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी शीतयंत्रे, पंप आणि पंखे चालतात, आणि ऐन एप्रिलमध्ये पुण्या-नागपूरहून आलेला अभियंता खुर्चीवर स्वेटर टांगून ठेवतो. शहर तापते आहे, हे नाकारता येत नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी पारा ३९.२ अंशांवर गेला होता. परंतु म्हणूनच ऊन आत घेणारी इमारत अधिक महाग पडणार आहे.

पर्याय नाहीत असेही नाही. दोमलूर येथील 'टेरी' संस्थेची वास्तू दोन दशकांहून अधिक काळ मुख्यतः नैसर्गिक वायुवीजनावर चालते. वास्तुरचनाकार संजय मोहे यांनी नाल्याच्या बाजूची दक्षिण भिंत जवळजवळ बंद ठेवून तिला दुहेरी केले व बाहेरून काळा कडप्पा लावला. पोकळीतील हवा उन्हाने तापून वर चढते आणि उत्तरेकडून ताजी हवा आत ओढली जाते. १९८१ साली पुण्यात स्थापन होऊन १९८३ मध्ये बंगळुरूत आलेल्या इन्फोसिसने हैदराबादजवळच्या पोचारम येथे दुसरा प्रयोग केला. इमारतीच्या एका अर्ध्या भागात नेहमीचे, पण कार्यक्षम वातानुकूलन. दुसऱ्या अर्ध्या भागात काँक्रीटच्या लादीत बसवलेल्या नळ्यांतून खेळवलेले थंड पाणी. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी सहज वाहून नेते. दुसऱ्या भागात वातानुकूलनाची वीज सुमारे एक तृतीयांशाने कमी लागली.

मग हे सर्वत्र का होत नाही? कारण यंत्रणेचा खर्च विकासक करतो आणि वीजबिल भाडेकरू भरतो. स्वस्त काच व अवाजवी मोठी यंत्रणा बसवणाऱ्याला तिची किंमत कधीच मोजावी लागत नाही. ही दरी कायद्याने बुजवायची असते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा, त्याखालील संहिता २००७ ची. संहितेत स्थानिक हवामानानुसार बदल करण्याचा अधिकार राज्यांना आहे. परंतु तिचा भर इमारत कागदावर कशी आहे यावर आहे. ती प्रत्यक्षात किती वीज खाते, हे पुढे कोणी विचारत नाही. जानेवारी २०२० पासून खोलीच्या वातानुकूलकांना २४ अंशांची मूळ मांडणी सक्तीची झाली. मोठ्या संकुलांच्या मध्यवर्ती यंत्रणा त्या नियमाबाहेर राहिल्या.

नव्या महापालिकांनी भोगवटा प्रमाणपत्राला एक अट जोडावी: प्रत्येक मोठ्या व्यापारी इमारतीने दरवर्षी प्रति चौरस मीटर किती युनिट वीज वापरली, हे जाहीर करावे. आकडा उघड झाला की भाडेकरू तो विचारू लागेल आणि विकासकाला त्याची काळजी करावी लागेल. प्रारंभ सरकारी कचेऱ्यांपासून व्हावा; अधिकाऱ्यांच्या दालनातील तापमान हाही सार्वजनिक खर्चाचाच प्रश्न आहे.

हा धडा केवळ कर्नाटकापुरता नाही. बंगळुरूसारखी हवा लाभलेल्या शहराला जर काचेचा मोह परवडत नसेल, तर हिंजवडीला आणि नागपूरला तो मुळीच परवडणारा नाही.