वेखंडाचा एक वेढा

धारवाडला मालमड्डीतल्या आमच्या घरी बाळंतीण आली की सहाण घासूनपुसून निघायची. हळकुंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, जायफळ यांच्या शेजारी वेखंडाचा गाठीगाठींचा, उग्र वासाचा तुकडा असायचाच. शेजारच्या कन्नड घरात त्यालाच ‘बजे’ म्हणत. समजूत मात्र एकच: एक वेढा चाटवला की बाळाचं पोट साफ राहतं आणि वाचा लवकर फुटते.

बाळाला वेखंड चाटवू नका, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘आमची पाचही पोरं यावरच वाढली.’ वाढली, खरंच आहे. पण ज्या बाळाला उलट्या लागल्या, त्याची आपण मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. वेखंडाचं नाव कुणी घेतलंच नाही. शिवाय वेढा हे माप तरी कसलं? नवा तुकडा भराभर उतरतो, जुना कमी. आजीचा हात हलका, मावशीचा जड.

‘म्हणजे तुम्हाला आयुर्वेदच नको,’ असंही ऐकावं लागतं. उलट आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात वेखंडाच्या चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम आहे आणि उलटी करवायची असेल तर १ ते २ ग्रॅम. पोटात देण्याआधी शोधन करायलाही शास्त्रच सांगतं. सहाणेवर कुठलं शोधन होतं? पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही लागत नाही.

आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असॅरोन भरपूर असतं. वेखंडाच्या तेलाने उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या आणि १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. म्हणून तान्ह्या बाळावर पडताळून पाहायचं का?

राहिली वाचा. संस्कृतात वेखंडाला ‘वचा’ म्हणतात, पण मूल बोलायला शिकतं ते ऐकून. दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्यावेत.

तरीही वेखंड घराबाहेर टाका, हे मला पटत नाही. सर्दीने डोकं जड झालं की मोठ्यांच्या कपाळावर सुंठ-वेखंडाचा कोमट लेप घालावा. त्याची ऊब मी कितीदा अनुभवली आहे. पोटात घ्यायचं तर वैद्याने ठरवलेल्या मात्रेत, आणि गरोदरपणी नाहीच. कीड दूर ठेवण्यात तर त्याचा हात धरणारं दुसरं मूळ मला माहीत नाही. नातीच्या बारशाला कुणी प्रेमाने आणलेला तुकडा मी फडक्यात बांधून पुस्तकांच्या कपाटात ठेवला आहे. धारवाडचा श्रावण संपत आला, पण एकाही पुस्तकाला अजून कसर लागलेली नाही.