विश्लेषण: कोड एका कमांडमध्ये हलतो, मग जुन्या लिंकचं काय? ‘झिग’नं गिटहब सोडलं त्याची गोष्ट

एखादं सॉफ्टवेअर कसं टाकायचं हे सांगणारा जुना यूट्यूब व्हिडिओ तुम्ही बघता. डिस्क्रिप्शनमधल्या लिंकवर क्लिक करता. समोर येतं ‘४०४, पान सापडलं नाही’. वैतागून तुम्ही दुसरा व्हिडिओ शोधता. बहुतेक वेळा गोष्ट इथंच संपते.

पण कधी कधी जुनी लिंक उघडते, सगळं नेहमीसारखं दिसतं आणि तरीही पलीकडे भलताच माणूस बसलेला असतो. तुटलेल्या लिंकपेक्षा ही चालू असलेली लिंक जास्त धोकादायक. ओपन सोर्स प्रकल्प आपलं घर बदलतात तेव्हा असं का होऊ शकतं आणि ते टाळायला काय करावं लागतं, ते समजून घेऊ.

नेमकं काय झालं?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘झिग’ या प्रोग्रॅमिंग भाषेचे निर्माते अँड्र्यू केली यांनी जाहीर केलं की झिगचा कोड आता गिटहबवर नाही, तर ‘कोडबर्ग’वर राहील. झिग हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. पण वेब डेव्हलपर वापरतात ते ‘बन’ हे टूल मुळात याच भाषेत लिहिलं गेलं.

गिटहब ही जगातली सगळ्यात मोठी कोड ठेवण्याची जागा. मायक्रोसॉफ्टनं ती २०१८ मध्ये ७.५ अब्ज डॉलरना विकत घेतली. गिटहबच्या ‘अ‍ॅक्शन्स’ या सेवेतल्या बिघाडांकडे नीट लक्ष दिलं जात नाही आणि एआयचा आग्रह वाढत चालला आहे, अशी केली यांची तक्रार होती. कोडबर्ग चालवते ती बर्लिनमधली एक ना-नफा संस्था.

केली यांची तक्रार बरोबर की चूक, यावर सोशल मीडियावर भरपूर वाद झाला. आपला प्रश्न त्यापुढचा आहे. घर बदलायचं ठरलं, सामानही हललं. पण पत्ता?

कोड हलवणं सोपं का असतं?

त्याचं कारण ‘गिट’. लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केलं. गिटहब आणि कोडबर्ग या दोन्ही सेवा त्याच्यावरच चालतात. गिटची खासियत अशी की प्रकल्पाची कॉपी ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे साधारणपणे पूर्ण इतिहासही असतो. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, सगळं.

त्यामुळे नव्या जागी रिकामी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कपाट, उघडायचं आणि एका कमांडनं सगळा इतिहास तिकडे ढकलायचा. प्रत्येक बदलाला, म्हणजे ‘कमिट’ला, त्याच्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. जागा बदलली तरी तो बदलत नाही. दोन्हीकडचे क्रमांक जुळले की समजायचं, सामान जसंच्या तसं पोहोचलं.

म्हणजे गिटच्या दृष्टीनं कोड कुठे ठेवलाय याला महत्त्व नाही. माणसांच्या आणि इतर प्रोग्रॅमच्या दृष्टीनं मात्र पत्ता हीच ओळख असते.

मग लिंक कुठे कुठे अडकलेल्या असतात?

घर बदलल्यावर आधार, बँक, गॅस कनेक्शन, सगळीकडे पत्ता बदलावा लागतो. आणि तरी सहा महिन्यांनी एखादं पत्र जुन्या घरी जातंच. इथंही तसंच होतं.

काही लिंक प्रकल्पाच्या स्वतःच्या हातात असतात. रीडमी फाइल, अधिकृत वेबसाइट, डॉक्युमेंटेशन, पॅकेज डाउनलोड होतं त्या पानावरचा ‘सोर्स कोड’चा दुवा, टेस्ट पास झाल्याचा हिरवा बॅज. एका कोडमध्ये दुसऱ्याचा कोड जोडला असेल तर त्याचा पत्ता वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, तोही बदलावा लागतो.

काही लिंक दुसऱ्यांच्या हातात असतात. ज्यांनी कोड आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलाय, त्या प्रत्येकाच्या मशीनमध्ये जुना पत्ता नोंदलेला असतो. लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बनवणाऱ्यांच्या फाइलींमध्ये असतो. शिवाय विकिपीडिया, ब्लॉग, व्हिडिओ, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट. यांना फोन करून ‘पत्ता बदला’ असं कोण सांगणार?

गो या भाषेत तर गुंता आणखी वाढतो. तिथं दुसऱ्याचा कोड वापरताना त्याच्या रिपॉझिटरीचा पत्ता थेट प्रोग्रॅममध्येच लिहायची पद्धत आहे. पत्ता बदलला की वापरणाऱ्या प्रत्येकाला कोडमधल्या ओळी बदलाव्या लागतात.

आणि एक लिंक थेट पोटाशी जोडलेली असते. देणगीची. झिग सांभाळणारी संस्था ना-नफा आहे आणि देणग्यांवर चालते. गिटहबवरूनच प्रकल्पांना दर महिन्याला पैसे देता येतात आणि झिगच्या उत्पन्नात त्या पैशांचा वाटा मोठा होता. स्थलांतराच्या घोषणेतच केली यांनी देणगीदारांना विनंती केली की तुमची देणगी ‘एव्हरी डॉट ऑर्ग’वर हलवा. कोड एका कमांडनं हलतो, पण देणगीदाराला स्वतः नव्या पानावर जाऊन पुन्हा कार्ड नंबर टाकावा लागतो. त्यातले किती जण ते करतील, यावर प्रकल्पात काम करणाऱ्यांचं मानधन अवलंबून असतं.

#१२३४ कुठला? नवा की जुना?

लिंकमध्ये सगळ्यात फसवी असते ती इश्यू क्रमांकाची. सॉफ्टवेअरमधली चूक किंवा सूचना नोंदवली की तिला एक क्रमांक मिळतो. समजा १२३४. पुढे ती चूक दुरुस्त करणारा माणूस लिहितो, ‘#१२३४ दुरुस्त केलं’. वेबसाइट त्या आकड्याची आपोआप लिंक बनवते.

आता प्रकल्प नव्या साइटवर गेला आणि तिथले क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले, तर काही दिवसांनी तिथंही एक १२३४ तयार होईल. जुन्या इतिहासातली लिंक नव्या, पूर्ण वेगळ्या इश्यूवर नेईल. लिंक तुटलेली नसल्यामुळे चूक पटकन कळणारही नाही.

झिगनं यावर साधी युक्ती काढली. जुने इश्यू गिटहबवरच राहू दिले आणि कोडबर्गवरचे क्रमांक ३०,००० पासून सुरू केले. आकडा बघितला की कळतं, जुन्या घरातला की नव्या.

पायथॉननं वेगळा मार्ग घेतला होता. त्यांचा कोड फेब्रुवारी २०१७ मध्ये गिटहबवर आला, पण इश्यू हलवायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात ते जुन्या इश्यूच्या क्रमांकाआधी ‘बीपीओ’ ही अक्षरं लावत, म्हणजे गोंधळ नको. इश्यू हलवल्यावरही जुनी साइट त्यांनी बंद केली नाही, फक्त वाचण्यापुरती ठेवली.

पण जुना पत्ता आपोआप नव्याकडे नेतो ना?

नेतो, पण अटी लागू.

गिटहबवरच रिपॉझिटरीचं नाव बदललं किंवा ती दुसऱ्या खात्याकडे दिली, तर गिटहब जुन्या लिंकवरून येणाऱ्यांना नव्या पत्त्यावर पाठवतं. याला रिडायरेक्ट म्हणतात. पण प्रकल्प गिटहब सोडून दुसऱ्याच साइटवर गेला, तर ही सोय नाही. मग एकच करता येतं. जुनी रिपॉझिटरी फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवायची आणि तिच्या दारावर पाटी लावायची, ‘आम्ही इकडे गेलो आहोत’. झिगनं तेच केलं.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. जुन्या पत्त्यावर त्याच नावानं नवी रिपॉझिटरी तयार झाली, तर रिडायरेक्ट संपतो. आणि गिटहबवर खात्याचं नाव बदललं की जुनं नाव मोकळं होतं. ते दुसरं कोणीही घेऊ शकतं.

जुन्या घरात दुसरंच कोणी राहायला आलं तर?

याला ‘रेपोजॅकिंग’ म्हणतात. मे २०२२ मध्ये ‘पीएचपास’ या पॅकेजबाबत हेच झालं. मूळ गिटहब खातं डिलीट झालेलं होतं. कोणीतरी तेच नाव पुन्हा नोंदवलं आणि त्या पत्त्यावर सर्व्हरमधल्या ॲमेझॉन क्लाउडच्या गुप्त किल्ल्या चोरणारा कोड ठेवला. जुन्या पत्त्यावर विश्वास ठेवून पॅकेज उतरवणाऱ्यांना शंका येण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

हा प्रकार किती शक्य आहे? ‘अ‍ॅक्वा’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जून २०२३ मध्ये साडेबारा लाख रिपॉझिटरींचा नमुना तपासला. त्यातल्या जवळपास ३ टक्के, म्हणजे सुमारे ३७ हजार रिपॉझिटरींना हा धोका होता. खूप वापरल्या जाणाऱ्या रिपॉझिटरींची जुनी नावं गिटहब आता कोणाला घेऊ देत नाही. पण त्यासाठी नाव बदलण्याआधीच्या आठवड्यात ती १०० पेक्षा जास्त वेळा उतरवलेली असावी लागते. छोट्या प्रकल्पांना हे कवच मिळत नाही.

मग स्वतःचं डोमेन घेतलं तर प्रश्न मिटतो का? बराचसा मिटतो, कारण आतली जागा बदलली तरी बाहेरचा पत्ता तोच ठेवता येतो. पण ‘पॉलिफिल डॉट आयओ’चं उदाहरण विसरू नका. जुन्या ब्राउझरमध्ये वेबसाइट नीट चालाव्यात म्हणून असंख्य साइट या पत्त्यावरून कोड घेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फनल’ नावाच्या चिनी कंपनीनं ते डोमेन आणि गिटहब खातं, दोन्ही विकत घेतलं. प्रकल्प सुरू करणारे अँड्र्यू बेट्स यांनी लगेच सावध केलं की ही लिंक आपापल्या साइटवरून काढून टाका. अनेकांनी काढली नाही. जूनमध्ये उघड झालं की त्या पत्त्यावरून येणारा कोड मोबाइलवरच्या वाचकांना सट्टेबाजीच्या साइटवर ढकलतोय. एक लाखाहून जास्त वेबसाइट त्या वेळी ही लिंक वापरत होत्या.

त्या साइट कोणी हॅक केलेल्या नव्हत्या. त्यांनी फक्त एक लिंक बदलली नव्हती.

मग नीट स्थलांतर कसं करायचं?

प्रकल्प चालवणाऱ्यांसाठी अनुभवातून आलेले काही नियम आहेत.

एक, हलण्याआधी जुना पत्ता कुठे कुठे लिहिलाय ते सगळ्या कोडमध्ये शोधा आणि यादी करा. दोन, जुनी रिपॉझिटरी आणि जुनं खातं डिलीट करू नका. रिकामं असलं तरी ताब्यात ठेवा, म्हणजे ते नाव दुसऱ्याला घेता येत नाही. तीन, रीडमीच्या पहिल्याच ओळीत नवा पत्ता लिहा आणि तोच अधिकृत वेबसाइटवरही द्या, म्हणजे लोकांना पडताळता येईल. चार, पॅकेजच्या पानावरचा दुवा आणि देणगीची लिंक पहिल्याच दिवशी बदला. पाच, इश्यू क्रमांकांचं काय करायचं ते हलण्याआधी ठरवा.

आणि वेळ द्या. गूगलनं आपली ‘गूगल कोड’ ही सेवा बंद करायचं मार्च २०१५ मध्ये जाहीर केलं. ऑगस्टमध्ये ती फक्त वाचण्यापुरती झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद पडली. जुने प्रकल्प बघायला अर्काइव्ह ठेवलं. प्रकल्प गिटहबवर न्यायचं टूलही दिलं होतं. पण ते वापरायला प्रकल्पाचा मालक जागेवर असावा लागतो. सोडून दिलेल्या प्रकल्पांचे पत्ते कोण बदलणार? अशांसाठीच ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा फ्रान्समधून २०१६ मध्ये सुरू झालेला प्रकल्प जगभरातला कोड जतन करतो आणि त्याला जागेवर अवलंबून नसलेली कायमची ओळख देतो.

तुमचा याच्याशी काय संबंध?

तुम्ही कोड लिहीत नसाल तरी लिंक शेअर करता. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार, २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. म्हणून जुन्या पोस्टमधली डाउनलोड लिंक पुढे ढकलण्याआधी एकदा उघडून बघा. पान उघडतंय एवढ्यावर थांबू नका. ‘आर्काइव्ह्ड’ असा शिक्का आहे का, नवा पत्ता दिलाय का आणि तोच अधिकृत वेबसाइटवर आहे का, ते बघा.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि सीव्हीवर गिटहबची लिंक असेल, तर आणखी एक. युजरनेम बदललं की रिपॉझिटरीच्या लिंक रिडायरेक्ट होतात, पण प्रोफाइलची जुनी लिंक ‘४०४’ दाखवते. ते जुनं नाव उद्या दुसऱ्यानं घेतलं, तर तुमच्या सीव्हीवरून कंपनीचा माणूस त्याच्या प्रोफाइलवर पोहोचेल. नोकरीसाठी अर्ज पाठवला असेल तर आजच तपासा.

आणि जुन्या व्हिडिओखाली, विकिपीडियाच्या पानावर मेलेली लिंक दिसली, तर नवीन पत्ता शोधून टाका. प्रकल्पवाले स्वतःच्या घरातले पत्ते बदलू शकतात. बाहेर विखुरलेले हजारो पत्ते त्यांच्या हातात नसतात. ते ज्यांच्या ज्यांच्या पानावर आहेत, त्यांनीच बदलायचे असतात.