फुगलेलं प्लायवूड आणि फायलीतली पॉलिसी

पहाटे नळाला पाणी आलं की जुन्या इमारतीतले पाइप आधी खोकतात, मग त्यांच्यात दाब भरतो. अशाच एका पहाटे सिंकखालचा तारेच्या विणीचा कनेक्शन पाइप नटाजवळ तुटतो. घर झोपेत असतं. सहाला कुणीतरी चहा टाकायला उठतं तेव्हा स्वयंपाकघरातलं पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये गेलेलं असतं. दिवाणाच्या पोटातल्या गाद्या तळापासून ओल्या झालेल्या असतात. ओट्याखालच्या ट्रॉल्या त्या दिवशी ठीकठाक दिसतात. दोन दिवसांनी त्यांचं प्लायवूड फुगतं, कडेचं लॅमिनेट सुटतं, कप्पे ओढले की अडकतात. तोवर खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा येऊन गेलेल्या असतात, कारण त्यांच्या छताच्या पीओपीवर पिवळा डाग पसरत चाललेला असतो.

पाइपची किंमत दोन-तीनशे रुपये. नुकसान समजा साठ-सत्तर हजारांचं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘अरे, घराचा विमा आहे ना आपला?’ आणि लगेच दुसरं कुणीतरी उत्तर देतं, ‘जाऊ दे, एवढ्यासाठी कशाला क्लेम करायचा? पुढच्या वर्षी हप्ता वाढेल.’ विषय तिथेच मिटतो आणि सुताराला फोन जातो.

हे उत्तर शहाणपणाचं वाटतं, पण ते आलेलं असतं गाडीच्या विम्यातून. गाडीला वर्षभर क्लेम केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी जो हप्ता भरतो त्यावर 20 टक्के सूट मिळते. ती वर्षागणिक 25, 35, 45 अशी वाढत पाचव्या वर्षी 50 टक्क्यांवर जाते. एक क्लेम केला की शिडीवरून थेट खाली. म्हणून बंपरला ओरखडा आला तर लोक गॅरेजवाल्याला खिशातून पैसे देतात, आणि तो हिशेब बहुतेकदा बरोबरही असतो. घराच्या प्रमाणित विम्याला मात्र ही शिडीच नाही. जी सूट मुळात मिळत नाही, ती जाईल या भीतीने हजारो रुपयांचा हक्क सोडून देणं थांबायला हवं.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मजकुराची पॉलिसी देणं बंधनकारक केलं. कंपनी कुठलीही असो, मूळ कलमं तीच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, हे सगळं त्यात आहे. आणि त्याच यादीत, त्याच दर्जाने, पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं हेही आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडचे पत्रे आणि कौलं उडवली, जुलै 2021 मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्यात गेली. घराचा विमा म्हटलं की अशी संकटं डोळ्यांसमोर येतात. सिंकखालचं पाणी तितकं मोठं वाटत नाही, म्हणून लोक लाजतात. पॉलिसीत अशी लाज बाळगायला सांगणारं एकही कलम नाही.

याच पॉलिसीतली आणखी एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत. गृहकर्ज घेताना बँकेने जी पॉलिसी सह्यांच्या ढिगाऱ्यात पुढे सरकवली होती, ती याच प्रकारची असेल तर फ्रिज, सोफा, ट्रॉल्या, गाद्या यांचा विमा आधीच उतरलेला आहे. लोक हप्ता भरतात आणि पॉलिसीची प्रत बँकेच्या फायलीत पडून असते. ती मागून घेणं हा कर्जदाराचा हक्क आहे. (इमारतीच्या नुकसानीची रक्कम अशा वेळी बहुधा बँकेच्या नावाने येते, हेही त्या प्रतीत लिहिलेलं सापडेल.)

तरी ‘घरात जे काही मोडेल ते विमा देईल’ ही समजूतही तितकीच चुकीची. ही पॉलिसी ठरावीक घटनांची आहे. हातातून निसटून बादलीत पडलेला मोबाइल किंवा लॅपटॉपवर सांडलेला चहा तिच्या यादीत बसत नाही. अशा अपघाती मोडतोडीसाठी वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. जुन्या पद्धतीच्या हाउसहोल्डर्स पॅकेजमध्ये काचा, घरगुती उपकरणांतला बिघाड, दागिने यांचे स्वतंत्र विभाग असतात, पण ज्या विभागाचे पैसे भरले तेवढंच संरक्षण मिळतं. भिंतीतून वर्षानुवर्षे झिरपणारी ओल हीसुद्धा पाइप फुटण्याच्या कलमात बसत नाही. ती देखभालीची बाब धरली जाते, आणि तशी ती असतेही.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती विजेच्या उपकरणांवरून. महावितरणची वीज जाते, परत येते ती उसळी घेऊनच, आणि फ्रिजचा काँप्रेसर किंवा टीव्हीचा बोर्ड जळतो. शॉर्टसर्किटने किंवा जादा दाबाने त्याच उपकरणाचं जे नुकसान झालं ते पॉलिसीने स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. पण त्या फ्रिजमधून ठिणगी उडून पडदा पेटला, पडद्याने सोफा पेटला, तर पडदा, सोफा आणि काळवंडलेली भिंत यांची भरपाई मिळते. वगळलेला असतो तो फक्त फ्रिज. हा फरक माहीत नसल्याने एक घर नाहक क्लेम करून नकार घेतं, आणि शेजारचं घर ‘शॉर्टसर्किटचं मिळत नाही’ असं ऐकून जळालेल्या सोफ्याचंही मागत नाही.

खालच्या काकूंच्या छताचं काय? इथे पॉलिसी हात आखडता घेते. मूळ पॉलिसी आपल्या घराची आणि आपल्या सामानाची. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी उचलणारं कलम जास्तीचे पैसे देऊन जोडावं लागतं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात की पावसाच्या आणि सामाईक पाइपच्या गळतीचा खर्च संस्थेचा, सदनिकेतल्या सिंक किंवा संडास-बाथरूममुळे होणाऱ्या गळतीचा खर्च सभासदाचा. आगीचा आणि भूकंपाचा विमा संस्थेने उतरवावा असंही त्यांत आहे, पण तेवढ्याने सिंकखालच्या पाइपचा प्रश्न सुटत नाही. काकूंच्या घराचा स्वतःचा विमा असेल तर त्यांनी तिथेच क्लेम करावा हा सरळ मार्ग आहे. तो सुचवायला वरच्यांना संकोच वाटतो, अंगावरून झटकल्यासारखं होईल म्हणून. खरं तर त्यामुळे दोन शेजारी एकमेकांशी बोलते राहतात.

मग क्लेम करायचा कधी आणि सोडायचा कधी? आधी पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये स्वतः सोसायची रक्कम लिहिली आहे का ते बघावं. नुकसान त्या रकमेच्या आसपास असेल तर नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरसाठी रजा काढण्यात अर्थ नाही. एक ट्रॉली फुगली, चार हजारांत सुतार करून देतो, तर करून घ्यावी. पण दुरुस्तीसाठी मुदत ठेव मोडायची वेळ येत असेल, किंवा मुलांच्या फीच्या पैशाला हात लागत असेल, तर क्लेम न करणं म्हणजे स्वतःच्या घरावर अन्याय आहे. पुन्हा विमा घेताना किंवा कंपनी बदलताना प्रस्ताव अर्जात आधीच्या क्लेमबद्दल विचारलं जाऊ शकतं, आणि तिथे खरंच सांगावं लागतं. म्हणून दर सहा महिन्यांनी किरकोळ क्लेम करणं बरं नाही. दहा वर्षांतून एकदा, खऱ्या नुकसानीसाठी केलेला क्लेम लपवण्यासारखा नसतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा हिशेब मात्र वेगळा, आणि तिथल्या नातेवाइकांचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे गालिच्यावर रंग सांडला किंवा माळ्यावर पाय घसरून तो खालच्या छतातून आरपार गेला, तर त्यासाठी अपघाती नुकसानीचं कलम सर्रास विकलं जातं. पण तिथे घराच्या विम्यालाही क्लेम न केल्याची सूट असते. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या क्लेमची नोंद एका सामाईक माहितीसाठ्यात जाते. पैसे मिळाले नाहीत, नुसती घटना कळवली, तरी ती नोंद राहू शकते, आणि नवीन कंपनी मागच्या काही वर्षांचं विचारतेच. लंडनमधल्या मावशीने ‘दोनशे पौंडांसाठी फोनही करू नकोस’ म्हटलं तर तिच्या गावात ते खरं आहे. डोंबिवलीत ते ऐकून गप्प बसणं खरं नाही.

आपल्याकडे उलट, कळवायला उशीर करणंच महागात पडतं. पॉलिसी म्हणते की नुकसान लक्षात येताच कंपनीला कळवा, आणि क्लेमचा अर्ज 30 दिवसांच्या आत द्या. लोक आधी घर आवरतात, मग नातेवाइकांना विचारतात, मग दिवाळी येते. खऱ्या क्लेमला केवळ उशिराच्या कारणाने यांत्रिकपणे नकार देऊ नये, असं नियामकाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं होतं. तरी उशीर का झाला हे सिद्ध करत बसण्याची वेळ स्वतःवर आणू नये. 2024 च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यावर 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय करायचा. कंपनीने लेखी तक्रार फेटाळली किंवा तिला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांना फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

एका मोहापासून मात्र दूर राहिलं पाहिजे. सर्व्हेअर येणारच आहे, तर गॅलरीतला आधीच उसवलेला सोफाही भिजलेल्यांत धरू, असा विचार भल्या माणसांच्या मनात येतो. खोट्या एका वस्तूमुळे अख्खा क्लेम आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. सर्व्हेअरने आयुष्यात शेकडो भिजलेली घरं पाहिलेली असतात. पाण्याची रेघ भिंतीवर कुठपर्यंत गेली होती आणि सोफा कुठे होता, हे त्याला विचारावं लागत नाही.

हे सगळं ज्या पॉलिसीत लिहिलं आहे ती महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत इंग्रजीत येते, आणि हप्ता कापून गेल्यावर येते. गृहकर्जाच्या कागदांवर सही घेताना बँकेने एक पानभर मराठी द्यावं: काय भरून मिळतं, काय नाही, आणि रात्री पाइप फुटला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. कर्जाच्या मेळाव्यांची पत्रकं मराठीत छापणाऱ्या बँकांना हे अवघड नाही. ग्राहक पंचायतींनी आणि सोसायट्यांच्या महासंघांनी याचा आग्रह धरायला हवा.

तोवर त्या पहाटेपुरतं सांगायचं तर आधी मुख्य कॉक बंद करावा, कारण नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीचीही अट आहे. पाणी पुसण्याआधी मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत, भिंतीवरची ओली रेघ दिसेल असे. मग कंपनीला फोन करून क्लेमचा नंबर लिहून घ्यावा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाद्या भंगारवाल्याला देऊ नयेत. प्लंबर नवा पाइप बसवून जुना पिशवीत टाकून निघाला तर त्याला जिन्यातून परत बोलवावं आणि तो तुटका तुकडा मागून घ्यावा.