सोबतच्या फाईलमधील हरवलेली मराठी

हिंगणघाटच्या पेढीवर तयार झालेला कापसाच्या सौद्याचा मसुदा ईमेलने मुंबईला पोहोचतो आणि तिथल्या संगणकावर उघडताच मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी समोर येते. आकडे कधीकधी ओळखू येतात. पण ते भावाचे की गाठींचे, हे सांगणारे शब्दच नाहीसे झालेले असतात. अशा मसुद्याला होकार कळवणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणेच होय.

फाईल बिघडलेली नसते. अडचण असते फाँटची. कृतिदेव किंवा श्रीलिपीचे जुने फाँट रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवतात. फाईलमध्ये साठतात ती रोमन अक्षरेच. मराठी रूप केवळ फाँटमुळे दिसते. समोरच्याकडे तो फाँट नसला की मूळ रोमन उघडे पडते.

यंत्रापुढे देवनागरीने नमते घेणे वर्ध्याला नवे नाही. १९३६ साली तिथे स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने ‘अ’ची बाराखडी स्वीकारली, ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’ छापले जाऊ लागले. डोळ्यांना ते खटके, पण वाचता येई. जुन्या फाँटांच्या तडजोडीत तेवढीही सोय उरली नाही. १९९१च्या युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. त्यात लिहिलेली मराठी विंडोज, मॅक व मोबाईल या सर्वांवर मराठीच राहते.

तातडीच्या वेळी पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवावी. फाँट आत जोडलेला असल्याने ती वाचता येते. अर्थात तिच्यातील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा तीच खिचडी! नावाचे शेपूट बदलून एक्सेलची पीडीएफ होत नाही, हेही ध्यानात असावे. ‘विनमेल.डॅट’ नावाची गूढ फाईल आली, तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकमध्ये ‘रिच टेक्स्ट’ निवडलेले असते. ‘एचटीएमएल’ निवडून तोच मेल पुन्हा पाठवण्यास सांगावे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक आता उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. घोटाळा नेमका तिथेच होतो. करारनामे व जीएसटीचे कागद मात्र अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत. त्यांसाठी आपल्याच संगणकावर चालणारा परिवर्तक बरा.

पेढीचा जुना पत्रव्यवहार, कुटुंबाची वंशावळ असे बरेच काही सीडींवर त्याच फाँटांत पडून असते. ज्या संगणकावर ते टंकले गेले, तो भंगारात देण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे.