औषध पिणे आणि औषध घेणे



आपल्या भागात 'औषध' हा शब्द दोन कामांना वापरतात. पिकावर फवारतो तेही औषध आणि डॉक्टर देतात तेही औषधच. त्यामुळे कबनुरात काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात काय, "त्यानं औषध पिलं" असे कुणी हळू आवाजात सांगितले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. कुणी बरे होण्यासाठी औषध घेतले असेल असे मनातसुद्धा येत नाही. आणि खरोखरच मनाच्या दुखण्यावर गोळ्या चालू असल्या तर ते घर ही गोष्ट कुणाला कळूच देत नाही. गोळ्यांची पट्टी धान्याच्या डब्यामागे लपवलेली, आणि फवारणीचा डबा मात्र सोप्यात सगळ्यांच्या हाताला येईल असा उघड्यावर! हे उलटे झाले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

विष पोटात गेलेल्या माणसासाठी आपण जिवाचे रान करतो. गाडी काढून इचलकरंजीला नेतो, तिथून कोल्हापूरला नेतो, पैशाकडे बघत नाही. माणूस वाचतो. आठ-दहा दिवसांनी घरी आणतो, दृष्ट काढतो, नारळ फोडतो आणि "आता परत असलं काय करू नगंस बाबा" म्हणून गळ्याची शपथ घालतो. झाले, विषय संपला. ज्या दुखण्यापायी तो त्या डब्यापर्यंत गेला, त्याला कुणी हातच लावलेला नसतो. एकदा असा प्रयत्न झालेल्या माणसाला पुन्हा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि पहिल्या काही महिन्यांत तर फारच. तेव्हा अशा माणसाला मनोविकारतज्ज्ञाने तपासल्याशिवाय दवाखान्यातून घरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण हे टाळत होतो त्याला कायद्याची भीती हेही एक कारण होते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. म्हणून "अंधारात चुकून पिला" असे सांगायची रीतच पडली, आणि तेच डॉक्टरलाही सांगितले जायचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमात म्हटले आहे की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालायचे, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलमच नाही. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी कुणी असे केले तर त्याचे कलम वेगळे आहे.) दवाखान्यात नोंद होईल, जबाब होईल, त्याला भ्यायचे कारण उरलेले नाही. डॉक्टरपुढे खरे बोलावे.

आता हे दुखणे ओळखायचे कसे? हुमणी लागलेला ऊस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. वरून पाला पिवळा पडतो, आपल्याला वाटते पाणी कमी पडले, खत कमी पडले. बेट हाताने ओढले की मुळासकट वर येते तेव्हा कळते. माणसाचेही तसेच होते. जो कधी मळा चुकवत नव्हता तो बांधावर नुसता बसून राहतो, पहाटे तीनला जाग येते ती येते, जेवणाची चव जाते, "माझा काय उपेग न्हाई" असे बोलतो. आपण म्हणतो आळशी झाला. हे दोन आठवड्यांच्या वर रोज चालले तर दाखवायला हवे. आधी थायरॉईडसारखी तपासणीही डॉक्टर करून घेतात, कारण त्याच्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. दारूचे व्यसन धरून प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता, आणि निरनिराळ्या आजारांतले ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. म्हणजे दहाजणांच्या कट्ट्यावर एक तरी असतोच.

तरी आता लोक दाखवायला जाऊ लागले आहेत. खरी गोची होते ती गोळ्या घरी आल्यावर. उदासपणावरची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मळमळ, कोरडे तोंड, गुंगी हा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच दिसतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण मागून. आठव्या दिवशी घरात पंचायत बसते. पाव्हणे म्हणतात, "डोक्याची गोळी लई गरम, सवय लागती, बंद कर." दुसरा प्रकार याहून वाईट. दोन महिन्यांत माणूस हसू-बोलू लागतो, आणि बरा झाला म्हणून गोळ्या बंद. बरे वाटल्यावरही या गोळ्या सहा महिने ते वर्षभर, काही आजारांत त्याहून जास्त चालवाव्या लागतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरच्या सांगण्याने, हळूहळू कमी करत. लावण चांगली फुटली म्हणून कुणी पाणी तोडत नाही.

सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची. शेजारणीने दिल्या म्हणून घेतलेल्या, किंवा दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. उदासपणावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची नशा होत नाही. आणखी एक लक्षात ठेवावे. ज्यांना लिथियम चालू आहे, त्यांनी ठरल्या वेळी रक्त तपासून घ्यावे. उन्हात फार घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या, तर या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढून अपाय होतो. अशा वेळी डॉक्टरला लगेच विचारावे. ही गोष्ट शेतात राबणाऱ्याला कुणी समजावून सांगत नाही म्हणून इथे लिहिली.

"हे सगळं इंग्रजी औषधांचं खूळ" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक सांगतो. आपल्या सर्पगंधेची मुळी वेडावर चालते हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोन डॉक्टरांनी १९३१ सालीच छापून मांडले होते. पुढे तिच्यातले द्रव्य परदेशी इस्पितळांत गेले. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, पॅरिसला क्लोरप्रोमेझिनचा गुण दिसला. त्याआधी कोंडून ठेवण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. रत्नागिरीचे, येरवड्याचे नाव आपण अजून भीतीने घेतो ते त्या काळामुळे. आज बहुतेक रुग्ण चिठ्ठी घेऊन संध्याकाळी घरी येतात. कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये हा विभाग आहे.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे लग्न. मुलीला गोळ्या चालू असल्या की आई-बाप लपवून लग्न लावतात. सासरी कुणी बघेल म्हणून ती पोर गोळ्या बंद करते, तीन-चार महिन्यांत आजार उलटतो, आणि मग "फसवलं" म्हणून माहेरी आणून सोडतात. मुलाच्या बाबतीत तर "लगीन केलं की डोकं ठिकाणावर येतंय" म्हणून दुसऱ्याच्या लेकीचा बळी. माझ्या मते दोन्हीकडच्या चार शहाण्या माणसांनी डॉक्टरसमोर बसून बोलावे. सोयरीक मोडली तर मोडली. काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या आधीच बदलून मिळतात. पण त्यासाठी घरात माहीत तर हवे. मूळचे खानदेशातले, कॅनडात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. उलट पुण्यात या आजाराच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली, आणि २००४ साली आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही तेच होते.

"बाहेरचं हाय" म्हणून देवऋषाकडे जाणारे आहेतच. जोतिबाला जावे, वाडीला जावे, दर्ग्यात जावे; गोळी खिशात ठेवून जावे. पण साखळीने बांधणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. त्यांना पळता आले नाही.

कारखान्याच्या आरोग्य शिबिरात डोळे आणि साखर तपासतात. तिथे मनोविकारतज्ज्ञाचेही एक टेबल असावे, अशी मागणी मी करत आहे. आणि गळीत हंगामात टोळ्या येतात त्यांचाही विचार व्हावा. बीडकडून आलेला कामगार गावाकडच्या महिनाभराच्या गोळ्या घेऊन येतो, त्या संपल्या की पाच महिने खंड पडतो. मुकादमांनी करार करतानाच कुणाला गोळ्या चालू आहेत ते खासगीत विचारून, चिठ्ठी सोबत घ्यायला सांगावे. त्या चिठ्ठीवर इथल्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. फोनवर विचारायचे तर टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्री पाणी पाजायला गेलेल्या माणसालाही लावता येतो. फवारणीचा डबा कुलपात ठेवून किल्ली कारभारणीकडे द्यावी. आणि घरात धोका तिलाच असेल, तर दुसऱ्या कुणाकडे.