डिस्चार्ज कार्डावरचा तिसरा रकाना

स्टेंट टाकून घरी निघालेल्या रुग्णाच्या कार्डावर ‘डीएम : नाही’ असते आणि त्याच फाइलमध्ये एचबीए१सी ६.२ चा रिपोर्ट लावलेला असतो. अकोला-अमरावतीकडच्या सभासदांच्या पत्रांत हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. फॉर्मवर ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने, त्यामुळे ५.७ ते ६.४ मधला, म्हणजे प्रीडायबेटिसचा, प्रत्येक जण ‘नाही’त जमा होतो. ते ‘नाही’ रुग्ण वाचतो, गावचा डॉक्टर वाचतो, आणि पुढे कुणीच शुगर बघत नाही. फॉर्म ठरवणाऱ्या बाबूंना या दोन रकान्यांपलीकडे आजार दिसत नाही, हे खरेच. पण खालची सही आपली असते.

हे ‘नाही’ महागात पडते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ देशांतल्या युरो हार्ट सर्व्हेत, मधुमेह माहीत नसलेल्या कोरोनरी रुग्णांची ओजीटीटी केली. तातडीने दाखल झालेल्यांपैकी ३६ टक्के आयजीटीत आणि २२ टक्के थेट मधुमेहात निघाले. २०२० च्या बीएमजेतल्या १२९ अभ्यासांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये प्रीडायबेटिसमुळे मृत्यूचा सापेक्ष धोका सर्वसाधारण लोकांत १.१३, तर अथेरोस्क्लेरोटिक आजार आधीच असलेल्यांत १.३६ आला. नेदरलँड्समधल्या बायो-रिसॉर्ट चाचणीच्या रुग्णांतही, नव्या पिढीचे डीईएस असूनही, प्रीडायबेटिक गटाचे निकाल नॉर्मल गटापेक्षा वाईट होते. हे सारे निरीक्षणात्मक. वय, वजन, किडनी यांचा हिशेब लावूनही थोडी सरमिसळ उरतेच. तरी दिशा एकच आहे, आणि कारणही समजण्याजोगे आहे. प्रॉस्पेक्ट अभ्यासात (२०११) तीन वर्षांतल्या घटनांपैकी जवळपास निम्म्या नॉन-कल्प्रिट जागांवरून आल्या. स्टेंटने एक जागा सुधारते, बाकीच्या धमन्या त्याच रक्तात राहतात.

यावर ‘लेबल लावून करायचे काय, औषध तर नाही’ असे म्हटले जाते. आक्षेप पोकळ नाही. कोरोनरी आजार आणि आयजीटी असलेल्या ६,५२२ चिनी रुग्णांवरच्या एस चाचणीत (२०१७) अकार्बोजने मधुमेह १८ टक्क्यांनी कमी झाला, हृदयघटना मात्र कमी झाल्या नाहीत. युरोपीय हृदयरोग सोसायटीने तर २०१९ च्या मार्गदर्शिकेच्या नावातला प्रीडायबेटिस २०२३ मध्ये काढूनच टाकला. पण गोळी नाही म्हणजे उपाय नाही, असे नव्हे. चीनमधल्या दा चिंग अभ्यासात सहा वर्षांच्या आहार-व्यायामाचा परिणाम तीस वर्षांनी मोजला, तेव्हा हृदयरोगाच्या घटना २६ टक्क्यांनी कमी भरल्या. चेन्नईच्या आयडीपीपीत (२००६) जीवनशैलीने मधुमेहाचा धोका २८.५ टक्के उतरला. सिलेक्ट चाचणीत (२०२३) सेमाग्लुटाइडने मधुमेह नसलेल्या स्थूल हृदयरुग्णांत हृदयघटना २० टक्क्यांनी कमी केल्या, आणि त्यांतले दोन-तृतीयांश प्रीडायबेटिक होते. आपल्या ओपीडीत त्या इंजेक्शनचे नाव काढण्यात अर्थ नाही. तरीही लिपिड, बीपी, वजन यांना किती घट्ट धरायचे आणि शुगर पुन्हा कधी बघायची, हे प्रीडायबेटिसच्या तिसऱ्या रकान्यावरूनच ठरेल.

खरी अडचण वेळेची आहे. झटक्यातली शुगर स्ट्रेसमुळे चढलेली असू शकते, म्हणून ओजीटीटी सहा-आठ आठवड्यांनी करायची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मूळ पॅकेजमधला पाठपुरावा मात्र डिस्चार्जनंतर १० दिवसांचा. अमरावती २०१२ च्या पहिल्या टप्प्यापासून या योजनेत आहे, आणि एवढ्या वर्षांत ही तपासणी कुणाच्या खात्यात बसवायची हे ठरलेले नाही. स्टेंटच्या किमतीला २०१७ मध्ये एनपीपीएने कमाल मर्यादा घातली, डीईएसला २९,६०० रुपये. त्यापुढे ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि दोन सॅम्पल म्हणजे काय खर्च? आणि केवळ एचबीए१सीवर विसंबू नका. लोहाच्या कमतरतेत ते फुगते, सिकलसेल आजारात फसवे खाली येते, आणि मेळघाटापासून अकोल्यापर्यंत दोन्ही आपल्या रोजच्या ओपीडीत आहेत.

मुंबईहून फॉर्म सुधारून येईल म्हणून थांबू नका. पेनाने तिसरा रकाना आखा, त्यात ‘प्रीडायबेटिस’ आणि आकडा लिहा, ओजीटीटीची तारीख रुग्णाच्या भाषेत टाका, गावच्या डॉक्टरांना फोन करा. तपासणीसाठी परत आलेल्या आणि न आलेल्या रुग्णांची संख्या, नावे वगळून, दर महिन्याला आमच्याकडे पाठवा. मंत्रालयात मांडायला आज आपल्याकडे फक्त तक्रारी आहेत, आकडे नाहीत.